कॅरोलायनात शॉर्ट ट्रॅक रेसिंगचा सीझन कसा जमवला – माझा अनुभव

नासकार (अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंगची मोठी संघटना) म्हटलं की आपल्या लोकांना शार्लटचा मोठा ट्रॅक माहीत असतो, टीव्हीवर दिसतो तो. पण नॉर्थ कॅरोलायनात पाव मैल, अर्धा मैल अशा छोट्या ट्रॅकवर उन्हाळाभर दर शनिवारी रात्री स्टॉक कारच्या, म्हणजे नेहमीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या पण रेससाठी बांधलेल्या गाड्यांच्या, रेस होतात, आणि गाड्या चालवणारी पोरं आठवडाभर कुठेतरी नोकरी करणारी असतात. मी कॅरीत राहते, रॅली शहराच्या शेजारी. मुलगा एकदा मित्राच्या घरच्यांबरोबर रेस बघून आला आणि मग दुसरं काही बोलेचना. म्हटलं चला, रेस बघायचा एक अख्खा सीझन नीट आखून करू. कसं जमवायचं हे मराठीत कुठे सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय, कुणाच्या तरी कामाला येईल.

पहिली गोष्ट वेळापत्रक. सगळ्यांचं मिळून एक असं काही नसतं, प्रत्येक ट्रॅक आपापलं टाकतो, बहुतेक हिवाळ्यातच. मी सरळ एक शीट केली, ट्रॅक, वार, आणि त्या रात्री कुठले वर्ग पळणार. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण तारीख नुसती बघून गेलात तर कधी कधी ज्या गाड्या बघायच्यात त्या वर्गाला त्या आठवड्यात सुट्टी असते. लेट मॉडेल म्हणजे वरचा वर्ग, मग लिमिटेड, स्ट्रीट स्टॉक, मिनी स्टॉक म्हणजे चार सिलिंडरवाल्या, आणि लहान मुलांच्या बँडोलेरो. सगळे वर्ग दर आठवड्याला पळत नाहीत.

वार पण बघा. रॅलीजवळचा वेक काउंटी ट्रॅक पाव मैलाचा, तिथे रेस शुक्रवारी असायच्या, त्यामुळे आमचा शनिवार मोकळा राहायचा. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम शनिवारी, आमच्यापासून दीड-पावणेदोन तास. हिकरीचा ट्रॅक पण शनिवारी आणि अजून लांब. बोमन ग्रेला 1949 पासून नासकारच्या साप्ताहिक रेस चालू आहेत आणि गंमत म्हणजे ते अमेरिकन फुटबॉलचं मैदान आहे, मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक. फुटबॉलचा सीझन आला की मैदान लागतं, म्हणून तिथल्या रेस ऑगस्टमध्ये संपतात. हे आधी माहीत असेल तर बोमन ग्रे एप्रिल ते जुलैमध्ये भरपूर करून घ्यायचं आणि हिकरी वगैरे शरद ऋतूसाठी राखून ठेवायचं. आम्ही तसंच केलं.

आता वेळापत्रकामागचं राजकारण म्हणा किंवा गणित म्हणा. ट्रॅक चालवणाऱ्याला रात्रंदिवस एकच काळजी, गाड्या किती येतील. दोन-तीन तासांच्या अंतरात दोन ट्रॅकनी एकाच शनिवारी लेट मॉडेल लावले की गाड्या वाटल्या जातात, दोन्हीकडे निम्मेच उतरतात आणि दोन्हीकडचे प्रेक्षक नाराज. त्यात कार्स टूरसारखी फिरती मालिका एखाद्या ट्रॅकवर आली की आजूबाजूचे चांगले ड्रायव्हर तिकडे पळतात. (ही मालिका 2023 मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियर, केविन हार्विक, जेफ बर्टन आणि जस्टिन मार्क्स या रेसिंगमधल्या नावाजलेल्या माणसांनी मिळून विकत घेतली, तेव्हापासून तिला वजन आलंय.) शिवाय नासकारच्या साप्ताहिक मालिकेत देशपातळीवरचे पॉइंट धरताना ड्रायव्हरचे सगळ्यात चांगले ठराविक आकड्याइतकेच निकाल धरतात. म्हणजे ज्याच्या घरच्या ट्रॅकवर पावसाने चार रात्री गेल्या तो आकडा भरायला दुसरीकडे जाणार. आमचा आवडता ड्रायव्हर ऑगस्टमध्ये अचानक व्हर्जिनियात साउथ बॉस्टनच्या ट्रॅकवर का दिसायला लागला ते मला या हिशेबातून कळलं. आणि 2022 मध्ये रेसिंग टायरचा तुटवडा झाला होता तेव्हा तर टायर पुरवून वापरायला लागत होते, त्याचीही आठवण जुने लोक काढतात.

पण या सगळ्यावर पाणी फिरवणारा म्हणजे पाऊस, शब्दशः. या गाड्यांचे टायर गुळगुळीत, खाचा नाहीत, ओल्या डांबरावर पळूच शकत नाहीत. आणि इथला उन्हाळा असा की सकाळी लख्ख ऊन, दुपारी चारला गडगडाट. मी शिकले ते असं की सकाळचा अंदाज बघून काही ठरवायचं नाही. लांबून ट्रेलर ओढत येणाऱ्या टीमना उगाच हेलपाटा नको म्हणून ट्रॅकवाले बहुतेक दुपारीच निर्णय टाकतात, फेसबुक पेजवर सगळ्यात आधी. आम्ही दुपारी दोनपर्यंत डबे भरून तयार राहायचो पण गाडी काढायचो नाही. एकदा निघालो आणि ग्रीन्सबरोच्या अलीकडे मेसेज आला, रद्द. मुलगा रडवेला झाला. तिथून परत फिरून वेकच्या पुढच्या शुक्रवारवर समजूत काढली.

पण पाऊस थांबला की जे होतं ते बघण्यासारखं असतं. मोठ्या ट्रॅकवर जेट इंजिनवाली सुकवायची गाडी असते, इथे ट्रॅकचे पिकअप ट्रक, कामगारांच्या गाड्या, जे चाकावर असेल ते ट्रॅकवर गोल गोल फिरत राहतं, टायरच्या घर्षणाने पाणी उडवत. तास तास चालतं. वरून ट्रॅक कोरडा दिसतो आणि डांबराच्या सांध्यातून पाणी पाझरतच असतं, मग एक माणूस वाकून हात लावून बघतो आणि मान हलवतो. लोक उठून जात नाहीत हो. घोंगड्या गुंडाळून बसून राहतात. अशाच एका रात्री पहिला हिरवा झेंडा पडायला साडेनऊ वाजले तरी स्टँड भरलेलाच होता.

रेन चेकचे नियम मात्र आधी विचारून घ्या. म्हणजे पावसाने रेस बुडाली तर तेच तिकीट पुढच्या वेळी चालतं का. प्रत्येक ट्रॅकचं वेगळं असतं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, अर्ध्या रेस होऊन पाऊस आला तर गेटवर सांगितलं की कार्यक्रम अर्ध्याच्या पुढे गेला होता, तिकीट संपलं. मला ते पटलं नाही कारण मुख्य रेस राहिलीच होती, पण नियम तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात होता. मनगटाला बांधलेला पट्टा सुद्धा कापून टाकू नका, काही ठिकाणी तोच पुरावा.

जूनमध्ये आई-बाबा आले भारतातून. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर होते, म्हटलं यांना स्टँडमध्ये बसवण्यापेक्षा पिटमध्ये, म्हणजे टीम गाड्या तयार करतात तिथे, नेऊ. पिट पासला तिकिटापेक्षा जास्त पैसे पडतात, फॉर्मवर सही करावी लागते की काही झालं तर जबाबदारी आमची, लहान मुलांचा फॉर्म वेगळा, पायात बंद बूट पाहिजेत. बाबांनी चप्पल घातली होती, गाडीतले नवऱ्याचे बूट दिले. आत एक मुलगी कागदी टेपने टायरचा घेर मोजत होती, आधी डाव्या बाजूचे मग उजव्या, आणि टायरवरच खडूने आकडे लिहीत होती. बाबा बघत उभे. मग मला म्हणाले, "उजवं चाक मुद्दाम मोठं ठेवलंय बघ, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे ओढती." मी तिला सांगितलं ते काय म्हणाले, तर ती हसली आणि हो म्हणाली, सगळी वळणं डावीकडेच तर आहेत. मग पुढचा अर्धा तास तिने बाबांना स्प्रिंग दाखवल्या, वजनकाटे दाखवले, डाव्या बाजूला किती टक्के वजन चालतं त्याचा नियम सांगितला, आणि मी मध्ये भाषांतर करत होते. रेसनंतर जिंकलेली गाडी परत काट्यावर चढवून तपासतात, वजन कमी भरलं तर जिंकलेलं काढून घेतात. हे बघायला थांबाच, बरेच लोक घरी निघून जातात.

याच टीमच्या बाबतीत आम्ही पुढे थोडी मदत केली. ती मुलगी आणि तिचा भाऊ मिनी स्टॉक पळवतात, तो एसी दुरुस्तीचं काम करतो, शुक्रवारी कामावरून सुटला की थेट ट्रॅकवर. माझी मैत्रीण कॅरीत जेवणाचे डबे देते, तिला म्हटलं तुझा स्टिकर लावूया का गाडीवर. प्रक्रिया सोपी निघाली. आधी सीझनचे पैसे देऊ का रात्रीपुरते ते ठरवायचं, आम्ही म्हटलं टायरचा खर्च उचलतो. मग जागा, दरवाजावरची महाग, मागच्या बंपरवरची स्वस्त. मग डिझाइनची फाइल द्यायची, अक्षरं मोठी ठेवायची कारण तीस फुटांवरून वाचता आली पाहिजेत. मैत्रिणीने पावती मागून घेतली, धंद्याच्या जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवायला. पहिल्याच रात्री कुणीतरी मागून ठोकलं आणि अर्धा फोन नंबर गेला! भावाने दुसऱ्या आठवड्यात स्वतः नवीन लावला, पैसे घेतले नाहीत.

मला आता पक्कं वाटतं की या ट्रॅकना खरा आधार द्यायचा तर शेवटच्या रेसपर्यंत बसायचं. मोठ्या वर्गाची रेस झाली की गर्दी पांगते आणि मिनी स्टॉकवाले रिकाम्या बाकांपुढे पळतात. त्यांचे टी-शर्ट घ्या, रेस संपल्यावर त्यांच्या ट्रेलरपाशी जाऊन दोन शब्द बोला, स्ट्रीमिंगवर घरबसल्या बघता येतं तरी जवळच्या ट्रॅकला तिकीट काढून जा. बोमन ग्रेला हा प्रश्न येत नाही, तिथे 17,000 लोकांची जागा आहे आणि तिथल्या ड्रायव्हरांपैकी मायर्स बंधूंचे चाहते एकीकडे, टिम ब्राउनचे दुसरीकडे, हुर्यो पण तेवढ्याच प्रेमाने घालतात. बाकीच्या ट्रॅकना एकेक माणूस मोलाचा.

चाहत्यांनी काय होऊ शकतं ते नॉर्थ कॅरोलायनातल्याच नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकला बघा. 1947 चा ट्रॅक, 1996 मध्ये कप रेस (नासकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेतली) गेली आणि पुढे गवत उगवलं. लोकांनी विषय सोडला नाही. मग राज्याने कोविड मदतीच्या निधीतून सुमारे 1.8 कोटी डॉलर दिले आणि 31 ऑगस्ट 2022 ला, बुधवारी रात्री, कार्स टूरची रेस झाली तर बसायला जागा नव्हती. कार्सन क्वापिल जिंकला, डेल अर्नहार्ट ज्युनियर तिसरा आला. 2023 मध्ये नासकारची ऑलस्टार रेस, म्हणजे निवडक अव्वल ड्रायव्हरांची रेस, तिथे झाली. बाबांना हे सांगितलं तर आमचं गाव खेड तालुक्यातलं, ते लगेच म्हणाले, "आपल्याकडं पण बैलगाड्याला बंदी होती तेवढी वर्षं लोकांनी बैल सांभाळलेच की, घाट मोडला नाही कुणी." (घाट म्हणजे बैलगाडा जिथे पळतो ती जागा.) कोर्टाने 2021 च्या शेवटी परवानगी दिली तेव्हा पहिल्या शर्यतीला ते स्वतः गेले होते.

जाणार असाल तर थोडक्यात. कानात घालायचे बोळे किंवा हेडफोन पाहिजेतच, लहान मुलांना तर अजिबात विसरू नका. बसायला गादी, थोडी रोख रक्कम, कूलर चालतो का ते आधी बघा. वळणाजवळच्या खालच्या बाकांवर बसलात तर रबराचा चुरा जेवणात पडतो, म्हणून वर बसा. लाइव्ह वेळा बघायला रेस मॉनिटर ॲप चांगलं आहे.

ऑगस्टनंतर पण सीझन संपत नाही. व्हर्जिनियात मार्टिन्सव्हिलला लेट मॉडेलची मोठी रेस असते, जिंकणाऱ्याला उभं लोलकाचं घड्याळ देतात, नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायनात फ्लॉरेन्स, आणि डिसेंबरमध्ये फ्लोरिडात पेन्साकोलाची स्नोबॉल डर्बी, 1968 पासूनची, ती आम्ही घरी लावली. मुलाला आता बँडोलेरो चालवायचीय, आठव्या वर्षापासून चालते. नवरा अजून तयार नाही, खर्च मोठा आहे. तोवर पुढच्या उन्हाळ्यात शार्लटला समर शूटआउट या उन्हाळी मालिकेत मुलं बँडोलेरो कशी पळवतात ते जवळून दाखवायचं ठरलंय, ते मंगळवारी रात्री असतं म्हणून सुट्टीचा अर्ज मी आत्ताच टाकून ठेवलाय.