'झाली की! लई झाली'

'खातेदाराच्या घरातील पुरुषाने रक्कम मिळाल्याचे सांगितले. तक्रार बंद.' गेल्या महिन्यात बँकेच्या संगणकावर एका तक्रारीसमोर ही नोंद मी वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि त्यापायी एका घरात भांडण लावून बसलो.

प्रकरण तसे नेहमीचेच होते. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी रविवारी महाद्वार रोडवरच्या दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर ६,००० रुपये काढायला गेल्या. यंत्र बराच वेळ घरघरले, नोटा बाहेर आल्याच नाहीत, आणि पैसे कापल्याचा संदेश मात्र मोबाइलवर येऊन थडकला. अशा वेळी ग्राहकाला वाटते की पैसे आम्हीच दाबून ठेवले आहेत. प्रत्यक्षात त्या नोटा दुसऱ्या बँकेच्या यंत्रातच पडून असतात. आमचा दावा एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले असे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, यंत्रणेतून त्या बँकेकडे जातो. ती बँक इलेक्ट्रॉनिक जर्नल, म्हणजे यंत्राने स्वतःच लिहिलेली व्यवहारांची रोजनिशी, उघडून पाहते, यंत्रातली रोकड मोजते आणि हिशेबापेक्षा तेवढीच रक्कम जास्त भरली की दावा मान्य करते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे खात्यात परत यायला हवेत, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायला हवी, तीही ग्राहकाने न मागता. हे 'न मागता' परिपत्रकाबाहेर मला तरी क्वचितच भेटले आहे.

आठव्या दिवशी मावशी चौकशीला आल्या तेव्हा मी ती नोंद त्यांना वाचून दाखवली आणि वर शहाणपणाने विचारले, "घरात मुलगा आहे का? कार्डाचा पिन त्याला माहीत आहे का?" त्या काही वेळ गप्प राहिल्या. मुलगा रिक्षा चालवतो, पूर्वी एकदा त्याने घरातले पैसे न विचारता उचलले होते, एवढे हळू आवाजात सांगून त्या निघून गेल्या. मी पुढचे पासबुक छापायला घेतले.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या आणि रांग न पाहता थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सायेब, पोरगं बहिणीकडं जाऊन बसलंय, घरला येईना झालंय. फोन माझाच हाय, त्यानं बघितला बी न्हाई. त्या बाईसंगं मीच बोललो हुतो."

'बोललो हुतो.' हे ऐकले आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. माझी आई आजही तसेच बोलते. मंडईत हाळ्या देऊन मावशींचा आवाज घोगरा झालेला, त्यात हे क्रियापद. कॉल सेंटरमधल्या मुलीने समोर पुरुष आहे असे धरले, यात तिचा फारसा दोष नाही. पण कोल्हापुरात जन्म काढलेल्या मला ती शंकासुद्धा येऊ नये?

तरी 'रक्कम मिळाली' हे कोडे उरलेच होते, म्हणून त्या कॉलचे रेकॉर्डिंग मागवले. मुख्य कार्यालयातल्या साहेबांचे म्हणणे असे की तक्रार बंद झाली आहे, तर आता ती कशाला उकरून काढता. त्यांचा महिन्याचा आढावा बंद झालेल्या तक्रारींच्या आकड्यावर होतो, तेव्हा त्यांनी दुसरे काय म्हणावे! तीन मेल आणि दोन फोन झाल्यावर रेकॉर्डिंग मिळाले. ती मुलगी पाठ केल्यासारखी विचारते, "आपल्याला रक्कम प्राप्त झाली आहे का?" मागे मंडईचा गलका, आणि मावशींचा आवाज : "झाली की! लई झाली. आता बंगलाच बांधतो बघ." त्यावर "धन्यवाद, आपला दिवस शुभ असो," आणि फोन बंद. एवढ्या खवचट उत्तरातला 'झाली' हा एकच शब्द नोंदीत उतरला होता.

तक्रार पुन्हा उघडून घेतली. चौदाव्या दिवशी ६,००० रुपये जमा झाले. वरच्या नऊ दिवसांचे ९०० रुपये मात्र परिपत्रकाची प्रत जोडून मागावे लागले, आणि ते आणखी आठवड्याने आले.

मावशींनी पासबुक भरून घेतले, दोन्ही नोंदींवर बोट ठेवून त्या कशाच्या ते विचारून घेतले. मी चुकलो, असे त्यांना म्हणालो. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी तो काचेखालच्या फटीतून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "मला न्हाई, पोराला सांगा. माझं ऐकंना त्यो."

मागे सात-आठ माणसे रांगेत उभी होती. मी नंबर लावला. दोनदा पूर्ण रिंग गेली, त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि आईच समजून म्हणाला, "काय गं, घावलं का पैसं?"