जांबुघोडा : अस्वल दिसलं नाही, पण भेटलं

मार्चअखेरच्या रविवारी पहाटे पाचला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून निघालो. मी, वहिनी आणि बारा वर्षांचा पुतण्या. हालोल, पावागढ, शिवराजपूर करत पावणेदोन तासांत गुजरातमधलं जांबुघोडा अभयारण्य. साग उघडाबोडका झालेला, आणि गाडीची काच खाली केली की मोहाचा गोड, जडसर वास.

अभयारण्य १९९० सालचं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. बिबट्या, तरस, चौशिंगा, नीलगाय आहेत. मला ओढ अस्वलाची.

कडा धरणाजवळ गावच्या वाटाड्याने एक वारूळ दाखवलं. एका अंगाने फोडलेलं, मातीत नखांच्या समांतर चऱ्या, बोट आरामात बसेल एवढ्या. अस्वल वारूळ उकरतं, फुंकर मारून माती उडवतं आणि ओठांचा चंबू करून वाळवी ओढतं. म्हणूनच वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. पुतण्या कितीतरी वेळ चंबू करून जमतंय का बघत होता.

मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला येतात. अस्वलही नेमकं तेव्हाच. त्याची नजर अधू, नाक मात्र तिखट. खाण्यात गढलेलं असताना माणूस अगदी जवळ आला की दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असतील तर विचारूच नका. त्यामुळे इथली माणसं झाडाजवळ जाण्याआधी बोलत, खोकत जातात. तुम्हीही तेच करा. गुपचूप फोटो काढायला म्हणून पायवाट सोडून मोहाखाली शिरू नका, उजाडायच्या आत तर अजिबात नाही.

जाणाऱ्यांसाठी : वन विभागाच्या विश्रामगृहाचं आरक्षण आधी करा. वाटाड्या घ्याच, एकट्याने मातीवरच्या खुणा कळत नाहीत. पाणी भरपूर न्या, दहानंतर ऊन सोसत नाही. इथल्या झंड हनुमानाच्या देवळात जायचं असेल तर शनिवार टाळा, गर्दी फार. माकडांना काही खायला घालू नका, कळवळून सांगतो.

परतताना एका मोहाखाली आजी फुलं वेचत होत्या. झाडाखालची अर्धी जमीन साफ, अर्धी फुलांनी पिवळट. तिकडची का नाही वेचली, विचारलं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. फुलांच्या मधोमध ताजी विष्ठा होती, न पचलेल्या पाकळ्यांनी भरलेली.