नाकारलेल्या चालींचं कपाट : आमची वाटचाल

गोव्यात फोंड्याजवळ दोन खोल्यांत जाहिरातींच्या संगीताचा आमचा स्टुडिओ आहे. एका खोलीत ध्वनिमुद्रण, दुसरीत मिक्सिंग. कायमचे तिघे, बाकी वादक-गायक कामापुरते येतात. सुरुवात स्थानिक कामांनी झाली : चवथीच्या सेलची जाहिरात, सोनाराच्या दुकानाची, फर्निचरच्या शोरूमची. तीच जिंगल कोकणीत, मराठीत आणि इंग्रजीत करून द्यायची. पुढे मुंबईच्या जाहिरात एजन्सींची कामं येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर 'पिच', म्हणजे काम मिळवण्यासाठीची चढाओढ, आली. आमची वाटचाल म्हणजे बरीचशी या पिचमध्ये नाकारलं जाण्यातून शिकलेली कामाची पद्धत आहे, म्हणून इथे तीच सांगतो.

पिच चालतो असा. एजन्सी एकाच जाहिरात फिल्मसाठी तीन-चार स्टुडिओंना ब्रीफ, म्हणजे काय हवं त्याचा तपशील, पाठवते. बरोबर कच्चा कट आणि 'असं काहीतरी हवं' म्हणून एक रेफरन्स ट्रॅक. मुदत दोन दिवस, कधी एकच रात्र. प्रत्येकाने स्क्रॅच, म्हणजे मान्यतेसाठी कच्चा नमुना, करून पाठवायचा. लागतो एकाचाच. उरलेल्यांना बऱ्याचदा उत्तरही येत नाही. आलंच तर 'नॉट वर्किंग' एवढे दोन शब्द. रात्रभर बसून केलेल्या ३० सेकंदांना दोन शब्द मिळाले की जे वाटतं ते नवशिक्याला आणि मुरलेल्याला सारखंच वाटतं. ते वाटू नये असं आम्ही कोणाला सांगत नाही. पण त्या दोन शब्दांचं कारण बहुतेक वेळा चाल नसते, हे मात्र सांगतो.

सर्वांत जास्त स्क्रॅच बाद होतात ते रेफरन्स ट्रॅकमुळे. एडिटरने फिल्म कापताना तो ट्रॅक खाली लावलेला असतो, प्रत्येक कट त्याच्या ठोक्यावर पडलेला असतो, आणि दिग्दर्शकाने तो शंभरदा ऐकलेला असतो. त्यानंतर दुसरं काहीही लावलं तरी कानाला चुकल्यासारखं वाटतं. यावर नक्कल हा उपाय नाही. नक्कल जमली तर कायद्याची भानगड, फसली तर हसू. आम्ही रेफरन्स ऐकताना एका कागदावर तीनच गोष्टी लिहून काढतो : लय किती, वाद्यांची गर्दी कुठे वाढते, आणि शांतता कुठे पडते. या तीन गोष्टी ठेवायच्या. सुरावट आणि स्वरसंगती पूर्ण टाकून द्यायची आणि रेफरन्स पुन्हा लावायचा नाही. दिग्दर्शकाच्या कानाला सवय झालेली असते ती मुख्यतः या तीन गोष्टींचीच.

त्यानंतर गणित. ते पेटीला हात लावण्याआधी करायचं. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३० सेकंदांत ७५०. लय १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा) धरली तर चार मात्रांचं एक आवर्तन बरोबर २ सेकंदांचं, ३० सेकंदांत १५ आवर्तनं. ९६ धरली तर ४८ मात्रा, म्हणजे १२ आवर्तनं. आम्ही शक्य तिथे ९६ निवडतो, कारण मान्यता मिळाली की एजन्सी २० आणि १० सेकंदांचे कट मागतेच, आणि ९६ मध्ये ते नेमके ८ आणि ४ आवर्तनांत बसतात. कापायला जागा आपोआप मिळते. ६ सेकंदांच्या डिजिटल कटला मात्र ९६ जमत नाही, तिथे ९.६ मात्रा येतात. त्याचा शेवट वेगळा वाजवून ठेवावा लागतो. १२० मध्ये ६ सेकंद म्हणजे सरळ ३ आवर्तनं.

प्रॉडक्ट शॉट कुठे पडतो ते फ्रेम मोजून पाहायचं. समजा तो २६व्या सेकंदाला आहे. १२० च्या लयीत तेरा आवर्तनं संपून चौदाव्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, तिथेच पडते. दुसऱ्या दिवशी नवा कट येतो आणि शॉट २५.४ सेकंदांवर सरकलेला असतो. जुनाच स्क्रॅच पाठवला तर सम शॉटच्या १५ फ्रेम मागे पडते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तो म्हणतो 'एनर्जी कमी आहे'. ५२ मात्रा २५.४ सेकंदांत बसवायच्या तर लय १२२.८३ लागते. वादकाला हा फरक जाणवतही नाही, पण सम पुन्हा शॉटवर येते. म्हणून पाठवण्याच्या तासाभर आधी 'कट बदलला आहे का' हे आम्ही फोन करून विचारतोच. ईमेलवर विचारलेलं वाचलं जात नाही.

शेवटचा ठोका २८.५ सेकंदांच्या पुढे नको. त्याची घुमत राहणारी शेपटी ३० च्या आत विरली पाहिजे, नाहीतर पुढच्या जाहिरातीच्या तोंडावर ती कापली जाते.

निवेदन हे नकाराचं दुसरं मोठं कारण. माणसाचं बोलणं समजतं ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. ट्रम्पेट, शहनाई, व्हायोलिनची वरची तार, सगळ्यांचा जोर तिथेच. गोव्यात तियात्रात, म्हणजे कोकणी संगीत नाटकात, वाजवणारे उत्तम ट्रम्पेटवाले मिळतात, म्हणून त्यांचा सूर निवेदनाखाली घालायचा मोह होतो. घालू नये. निवेदनाच्या दोन वाक्यांमध्ये जी दीड-दोन सेकंदांची फट असते, तिथे ट्रम्पेट बोलू द्यावा. बाकी वेळ खाली तालाचा आणि स्वरसंगतीचा बिछाना. स्क्रॅच पाठवतानाच आम्ही दोन मिक्स देतो, एक सुरावटीसह, एक नुसता बिछाना. 'म्युझिक व्हीओला (निवेदनाला) खातंय' असा शेरा आला की दुसरा मिक्स तयारच असतो आणि काम हातचं जात नाही.

'गोवन फील हवा' असं ब्रीफमध्ये असलं की मुंबईत बहुतेकांच्या डोक्यात युकुलेले आणि शिटी असते. आमच्या कानात घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि कांसाळें, म्हणजे झांजा, असतात. इथे आम्ही हट्टाने दोन स्क्रॅच पाठवतो : एक त्यांना वाटतो तसा, एक आमचा. तीन कधीच नाही. तीन पाठवले की समिती बसते आणि 'पहिल्याची सुरुवात, तिसऱ्याचा शेवट' अशी मागणी येते. मांडो, म्हणजे गोव्याचा संथ गीतप्रकार, ३० सेकंदांत बसत नाही हा गैरसमज आहे. सहा मात्रांचं आवर्तन आणि लय ७२ धरली तर ३० सेकंदांत ३६ मात्रा, बरोबर सहा आवर्तनं. दुलपदाची, म्हणजे त्याच्या जलद जोडीदाराची, चाल ६/८ मध्ये धावते, ती १० सेकंदांच्या कटला चांगली. व्याकरण आपलं ठेवून घड्याळ त्यांचं पाळता येतं, आणि लागलेल्या स्क्रॅचांत असले आम्हाला सर्वांत प्रिय आहेत.

घुमटाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चुका फार होतात. मातीचं भांडं, रुंद तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत; घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आता बकरीचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. बकरीचं कातडं पावसाळ्यात ओल धरतं आणि सैल पडतं. जून ते सप्टेंबर आम्ही ध्वनिमुद्रणाआधी घुमट साध्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवतो आणि मधूनमधून बोटाने वाजवून पाहतो. घाईने जवळ धरलं तर कातडं कडेला तडकतं. माईक दोन : एक कातड्याकडून तिरका, एक उघड्या तोंडाशी, जिथे डाव्या तळव्याने हवा उघडझाप करून तो गोल, उसळता खर्ज निघतो. दोन्ही माईक एकत्र ऐकताना एकाची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे ध्वनिलहर उलटवून, पाहायची. ज्या बाजूला खर्ज भरीव होतो ती ठेवायची. ही चाचणी विसरलं की खर्ज नाहीसा होतो आणि दोष वादकावर येतो.

खर्ज भरीव ध्वनिमुद्रित केला तरी ग्राहक ऐकतो मोबाईलवर. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. घुमटातला सगळा जीव तिथे, आणि तोच गायब. म्हणून खर्जाच्या ट्रॅकची एक प्रत काढून तिला हलकं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली किंचित विकृती) द्यायचं, म्हणजे वरचे उपस्वर तयार होतात आणि कान खालचा सूर मनाने भरून काढतो. शिवाय कातड्यावरच्या बोटांची थाप किंचित पुढे आणायची. पाठवण्यापूर्वी प्रत्येक स्क्रॅच आम्ही साध्या फोनवर, पंखा चालू ठेवून ऐकतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून, आणि आवाज चित्रासकट. नुसती ऑडिओ फाइल कधीच नाही. ग्राहक ती चित्राशिवाय गाणं म्हणून ऐकतो, आणि जाहिरातीचं संगीत गाणं म्हणून ऐकलं की अपुरं वाटतंच.

आवाजाची पातळी ही साधी, पण निकाल फिरवणारी गोष्ट. चार स्टुडिओंचे स्क्रॅच एकामागून एक वाजतात, आणि हळू वाजलेला वाईट वाटतो. आम्ही स्क्रॅच उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणारी पातळी मोजायचं एकक) आसपास देतो. प्रक्षेपणाचा मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, वेगळा. युरोपीय आर १२८ मापदंडात तो उणे २३ असतो, प्रत्येक वाहिनीची मागणी आधी लेखी घ्यायची. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ४४.१ ची फाइल चुकून ४८ म्हणून वाचली गेली तर ३० सेकंदांचा ट्रॅक २७.५६ सेकंदांत संपतो आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. गायिकेचा आवाज बारीक वाटतो, शेवट आधीच येतो, आणि कारण न कळता स्क्रॅच बाद होतो.

आता पैसे आणि हक्क. सुरुवातीची वर्षं आम्हीही फुकट स्क्रॅच दिले; सगळेच देतात. आता स्क्रॅचची फी घेतो. ती लहान असते, पण वादकाचे त्या दिवसाचे पैसे त्यातून निघतात. चाल नाकारली म्हणून घुमटवाल्याचं मानधन थांबत नाही, ते त्याच संध्याकाळी दिलं जातं आणि त्याची संमतीची सहीही तेव्हाच घेतली जाते. जी एजन्सी फी देत नाही तिला महिन्यातून फार तर एक स्क्रॅच. प्रत्येक ईमेलमध्ये एक ओळ ठरलेली : 'हा नमुना केवळ निवडीसाठी आहे, लेखी करार आणि पूर्ण रक्कम मिळेपर्यंत सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील. नमुन्याची फी वेळेची आहे, हक्कांची नाही.' १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून एजन्सीचा मसुदा 'सर्व माध्यमं, सर्व जग, कायमसाठी' असा आला की आम्ही माध्यम, मुदत आणि प्रदेश यांचे तीन वेगळे दर मांडतो. वाद न होता आकडा ठरतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, करून घ्यावी. एमएसएमई कायद्याने लेखी करार असेल तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. बिलावर नोंदणी क्रमांक छापायला विसरू नये.

हे सगळं करूनही नकार येतातच. फिल्मच रद्द होते, बजेट कापलं जातं, शेवटच्या क्षणी लायब्ररीतला तयार ट्रॅक लावतात, हल्ली यंत्राने केलेलाही. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी एक ओळीची विचारणा, सातव्या दिवशी काम बंद. वाट पाहत बसल्याने पुढचा ब्रीफ बिघडतो, हे आम्ही आमच्या तरुण संगीतकारांना पुनःपुन्हा सांगतो. 'थोडं प्रीमियम हवं' म्हणजे बहुधा वाद्यं कमी करा, 'एनर्जी हवी' म्हणजे लय न वाढवता तालातले बारीक ठोके वाढवा, असे अर्थ मात्र लिहून ठेवतो. एकाच एजन्सीच्या माणसाचा तोच शब्द पुढच्या वेळीही तोच अर्थ घेऊन येतो.

काम बंद झालं त्याच दिवशी चाल कपाटात जाते. कपाट म्हणजे एक हार्डडिस्क आणि तिची दुसऱ्या घरी ठेवलेली प्रत. पावसाळ्यात वीज इतकी खेळते की एकाच डिस्कवर विसंबता येत नाही. ब्रँडचं नाव असलेला गायनाचा ट्रॅक वेगळा काढायचा, ताल, खर्ज, सुरावट, गायन, ध्वनिपरिणाम यांचे स्टेम्स स्वतंत्र साठवायचे, आणि फाइलच्या नावात लय, पट्टी, लांबी, भाव आणि तारीख लिहायची. नकार का आला हेही एका ओळीत : 'कट बदलला', 'व्हीओशी टक्कर', 'उत्तर नाही'. ब्रँडच्या नावाच्या अक्षरांवर बांधलेली ओळ पुन्हा वापरता येत नाही, पण तिच्याखालची स्वरसंगती येते. एका ब्रँडने नाकारलेली चाल त्याच्या प्रतिस्पर्ध्याला वर्षभर दाखवायची नाही, हा आमचा नियम आहे. वर्ष उलटलं की ती खुली.

नवा ब्रीफ आला की आधी लय आणि भाव टाकून कपाटात शोधतो, मग पेटी उघडतो. गेल्या पावसात मुद्रित केलेला, ७२ च्या लयीतला सहा आवर्तनांचा घुमट-व्हायोलिनचा एक तुकडा सध्या तिथे आहे. नोंदीत लिहिलंय : 'उत्तर नाही, सप्टेंबरनंतर खुला'.