वाघ दिसेलच ना?

फोन बहुतेक सोमवारी येतो. पुण्याहून, हैदराबादहून, कधी नागपूरच्या मिहानमधून. पलीकडे एचआरच्या मॅडम असतात. माणसं किती, खोल्या किती, शाकाहारी किती, जैन जेवण किती जणांना, हे सगळं लिहून होतं आणि मग त्यांचा आवाज जरासा खाली येतो, "पण भाऊ, वाघ दिसेलच ना?"

इतक्या वेळा विचारलंत म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकतो.

पहिली दोन वर्षं मी "दिसते ना, कायले नाही दिसणार?" म्हणायचो. धंदा नवा होता. आमचं मूळ काम बिछायतीचं. चिमूर तालुक्यात बाबांचं बिछायत केंद्र. मंडप, गाद्या, गंज (मोठी पातेली), कढया, आणि सोबत आचारी. ताडोबाच्या बफरला, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्याला, लागून रिसॉर्ट झाले, त्यांच्याकडे गर्दी असली की जेवणाचं काम आमच्याकडे यायचं. जेवण करता करता बस, मग खोल्या, मग सफारी असं एकेक अंगावर येत गेलं आणि मी कंपन्यांच्या सहली लावणारा माणूस झालो.

पहिल्याच मोठ्या ग्रुपने माझं तोंड बंद केलं. ३६ माणसं, ६ जिप्सी. एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात, शिवाय गाइड आणि ड्रायव्हर. मी यादी आली तशी भरली, आणि यादी आली होती पदाप्रमाणे. पहिल्या जिप्सीत सगळे मोठे साहेब, शेवटच्या दोन जिप्सींमध्ये नवीन लागलेली पोरं. वाघीण निघाली ती नेमकी पहिल्या जिप्सीपुढे. दहा मिनिटं रस्त्याने चालली म्हणे. बाकीच्या पाच जिप्सींच्या वाट्याला चितळ, मोर आणि धूळ. रात्री जेवणाला दोन टोकं झाली. एका टोकाला साहेब लोक कॅमेऱ्यातले फोटो एकमेकांना दाखवून राहिले, दुसऱ्या टोकाला पोरं ताटात मान घालून. एक जण पाणी घ्यायला उठला तेव्हा मला हळूच म्हणाला, "चांगला गाइड साहेबांनाच दिला ना भाऊ?"

मी त्याला समजावत बसलो की गाइड आणि जिप्सी गेटवर नंबराने लागतात, माझ्या हातात काही नसतं. त्याने ऐकून घेतलं. पटलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. ऑफिसात वर्षभर जे चालतं तेच त्याला जंगलात दिसलं होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पंगत तूच चुकीची बसवली, वाघाले कायले बोल लावतं?"

लग्नाचं काम घेताना बाबा मंडप किती फुटी हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "कोण कोणाशी बोलत नाही?" रुसलेला जावई कुठे बसवायचा, वाटणीवरून भांडलेले दोन भाऊ एकाच पंगतीत आले तर मधे कोणता मामा घालायचा, हे ठरलं की मग खांब रोवायला सुरुवात. बुंदी कमी पडली तर लोक विसरतात. पंगतीतला मान चुकला तर दोन पिढ्या बोलून दाखवतात.

तेव्हापासून मी मॅडमना नावांची यादी मागतो तेव्हा सोबत एक रकाना जास्तीचा मागतो: कोणाचा साहेब कोण. बहुतेक जणी हसतात. एकीने विचारलं, "याचा सफारीशी काय संबंध?" संबंध असा की कोअरचं, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचं, बुकिंग ऑनलाइन होतं, तिथे प्रत्येक जिप्सीची सहा नावं, वय आणि ओळखपत्राचा नंबर आधीच भरावा लागतो. सकाळी गेटवर "मी जरा मित्रांच्या गाडीत बसतो" चालत नाही. म्हणजे कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसणार हे कित्येक आठवडे आधी ठरतं, आणि ते मी ठरवतो. एका जिप्सीत एकच साहेब, तोही दुसऱ्या विभागाचा. सोबत अकाउंट्सचा एक, सेल्सचा एक, एक बोलका, एक अबोल, आणि जमलं तर मागच्या सहा महिन्यांत लागलेलं कोणीतरी. वाघ माझ्या हातात नाही. शेजार माझ्या हातात आहे.

आणि तो शेजार साधा नसतो. डिसेंबरात पहाटे निघायचं, कानाला मफलर, पायावर घोंगडी. मोबाइल आत नेता येत नाही, तो आधीच ठेवावा लागतो. पुढचे साडेतीन-चार तास फोन नाही, मोठ्याने बोलायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. चितळाचा किंवा वानराचा कॉल (वाघाची चाहूल लागल्यावरची ओरड) आला की गाइड हात वर करतो आणि ड्रायव्हर इंजिन बंद करतो. मग सहा माणसं नुसती ऐकत बसतात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. कधी काहीच निघत नाही. पण ज्या साहेबासमोर पोरगं एरवी तोंड उघडत नाही, त्याच्या कानात ते कुजबुजतं, "सर, तिकडे, बांबूच्या मागे काही हललं का?" आणि साहेब त्या बोटाच्या दिशेने बघतात.

याच ठिकाणी एक सूचना करून ठेवतो. पहाटेचा चहा अर्धाच कप घ्या. आत ठरावीक जागेशिवाय कुठेही उतरता येत नाही. एका मोठ्या साहेबांना हे सांगायला विसरलो होतो. त्यांना स्वतः गाइडला सांगायचा संकोच, म्हणून त्यांनी ते शेजारच्या ट्रेनी पोराला सांगितलं, पोराने गाइडला, गाइडने ड्रायव्हरला. चौघांनी मिळून जी जिप्सी पळवली! संध्याकाळी शेकोटीशी त्या ट्रेनीने हा किस्सा साहेबांच्या तोंडावर सांगितला आणि सगळ्यात जास्त साहेबच हसले. असल्या गोष्टी मॅडमच्या तक्त्यात लिहिता येत नाहीत.

तक्ता म्हणजे एक्सेलची शीट. ती फोनच्या दुसऱ्या दिवशी येते. १०.०० ते १०.१५ आइस-ब्रेकर, १०.१५ ते ११.०० टीम गेम, ११.०० ते ११.१० चहा. पोरं ऑफिसातून सुटून इतक्या लांब आली तरी कॅलेंडर त्यांच्या मागे बसमधून आलेलंच असतं. मी दुपारी बारा ते चार सगळं खोडतो. मॅडम विचारतात, तिथे काय लिहू? मी म्हणतो, काहीच नका लिहू. झोपणारे झोपतील, गावच्या मामा तलावाच्या पाळीवर जाणारे जातील. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. आमच्या धानाच्या मुलखात असे जुने तलाव गावोगावी आहेत, आणि हिवाळ्यात त्यांच्यावर बदकं उतरतात.)

टीम गेमच्या जागी मी रोडगे लावतो. रोडगे करायला तीन तास लागतात आणि ते कोणालाही घाईत करता येत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. कणीक मळायची, पदर घालून गोळे वळायचे, गोवऱ्या रचून पेटवायच्या, निखारे पडले की त्यात रोडगे पुरायचे. तिकडे वांगी चिरायची, वरणाला फोडणी द्यायची. पन्नास माणसांत काय कमी-जास्त येतं ते चुलीपाशी कळतं. एकदा मी एका चेन्नईच्या पोराला म्हटलं, "भाऊ, तेवढा सांबार आणून दे." तो बिचारा दहा मिनिटं स्वयंपाकघरात आमटीचं पातेलं शोधत होता. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या ग्रुपमध्ये पुढचे दोन दिवस त्याचं नावच सांबार पडलं.

दिवाळीनंतर आलात तर अजून एक गोष्ट करता येते. भाऊबीजेपासून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक मंडळ्या वडशाच्या, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या. गावात दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, घरोघरी पाहुणे, आणि रात्री दहा-अकराला पडदा वर जातो तो उजाडता उजाडता खाली येतो. डीजेचे पैसे वाचवून एका कंपनीची २२ माणसं मी अशा नाटकाला नेली. दोन वाजेपर्यंत निम्मी बसमध्ये जाऊन झोपली, हे खोटं कशाला सांगू. उरलेली मात्र ताडपत्रीवर गावच्या बायाबापड्यांत बसली होती. त्यातल्या दोघांना मराठी येत नव्हतं, तरी खलनायकाला शिव्या देण्यात ते मागे नव्हते.

दारूचा प्रश्न दर फोनला असतो, त्याचं थोडक्यात. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, आता नाही. वर्धा आणि गडचिरोलीत आहे. त्यामुळे परतीच्या वाटेवर वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्राम घालायचं असेल तर बसमधल्या बाटल्यांचं काय ते आधीच बघा, मी त्यात पडत नाही. सेवाग्राम मात्र घालाच. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. बापू कुटी मातीची, बांबूची, आत खुर्ची नाही. मोठ्या केबिनवाल्या माणसाने ती खोली बघावी, असं मला आपलं वाटतं. वरोऱ्याजवळ आनंदवनही वाटेवर पडतं, बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं. कंपन्या विचारतात, तिथे अर्ध्या तासात सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा, फोटो होईल का? अर्ध्या तासात नका जाऊ. पाहुण्यासारखे जा, तिथल्या लोकांनी केलेल्या वस्तू विकत घ्या, आणि निघा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याची दुसरी बाजू मी कोणाला फोनवर सांगत नाही.

मार्चच्या शेवटी आमच्याकडे मोह गळायला लागतो. उजाडायच्या आधी बाया टोपल्या घेऊन मोहाखाली जातात, वाकून फुलं वेचतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. तुमची जिप्सी ज्या वेळेला गेटातून आत जाते, त्याच वेळेला त्या जंगलाच्या कडेला वाकलेल्या असतात. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, आणि त्यात मोहाला, तेंदूला, सरपणाला गेलेली असतात. माझ्या स्वयंपाकात पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या जावेला वाघाने नेलं. त्या सकाळी घरातून निघताना हात जोडतात आणि म्हणतात, "दिसू नको रे बाप्पा."

एका कंपनीचा शेकोटीचा कार्यक्रम होता. कोणीतरी मोठ्या स्पीकरवर वाघाची डरकाळी लावली. अंधारात लावली, मजा म्हणून. पोरं ओरडली, हसली. मी स्वयंपाकघरात गेलो तर मावशी लाटणं खाली ठेवून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री पोळ्या दुसऱ्या बाईने लाटल्या. पोरांना काय ठाऊक, त्यांचा दोष नाही. सांगणं माझं काम होतं. तेव्हापासून माझ्या अटींत एक ओळ आहे: वाघाचा आवाज, वाघाचा मुखवटा, कार्यक्रमात चालणार नाही. कोणी कारण विचारलं तर सांगतो. सफारीहून ग्रुप परत आला की मावशी मात्र आवर्जून विचारतात, "दिसला काय जी?" नाही म्हटलं तर म्हणतात, "बरं झालं, जेवून घ्या." लोकांना वाटतं मावशी गंमत करून राहिल्या.

म्हणून वाघाची हमी मी देत नाही. ज्यांना ताडोबाची धावपळ नको त्यांना नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारीला पाठवतो. २०२४ च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी ठेवून आकाश काळोखं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तारे ढगांनी झाकले नाहीत तर दिसतातच, तिथे माझी थोडीफार हमी. मे महिन्यात पाण्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, हे खरं आहे. पण पारा ४५ च्या वर असतो, आणि एसीत बसणाऱ्या ४० माणसांना मी त्या उन्हात उघड्या जिप्सीत घालणार नाही. 

पैशांचं एकच सांगतो. तुमचं पीओ (खरेदीची ऑर्डर), मग इनव्हॉइस, मग ४५ दिवस. वांगीवाला, गोवऱ्या देणारी म्हातारी आणि जिप्सीवाला ४५ दिवस थांबत नाहीत. त्यांना त्याच संध्याकाळी द्यावे लागतात आणि मधले दीड महिने मी माझ्या खिशातून चालवतो. अर्धे आधी मागतो ते याचसाठी. अविश्वास म्हणून नाही.

आणि बुकिंगसाठी: मंगळवारी कोअर बंद असतं, जुलै ते सप्टेंबरही बंद. नावं आधार कार्डावर आहेत तशीच पाठवा, नंबरही सरकारी ओळखपत्राचाच. गेल्या डिसेंबरात एका कंपनीने साहेबांचं नाव सॅम पाठवलं, नंबर कंपनीच्या कार्डाचा. गेटवर आधार काढलं तर नाव समाधान. गेटवाल्याने सोडलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. बाकीच्या जिप्स्या आत गेल्या, साहेब कोलारा गेटच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. आम्ही परत आलो तेव्हा टपरीवाला त्यांना समाधानभाऊ म्हणत होता आणि ते त्याच्या पोराचं दहावीचं गणित बघत होते. सहा चहा आणि दोन प्लेट भज्यांचं बिल झालं होतं. मी कंपनीच्या नावावर लिहायला वही काढली, तर त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या खिशातून दिले.