ऑपरेशनच्या आदल्या रात्री

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं, नुसती सही घेतली आणि उपाशी राहा म्हणाले, मग शुद्धीवर आल्यावर खांदा दुखायला लागला तशी मी जाम घाबरले, पोट सोडून खांदा?! नंतर नर्स म्हणाली, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात त्याने दुखतं, जाईल दोन-तीन दिवसांत. झालं, अर्धं दुखणं तिथंच गेलं! आधी सांगायला काय झालं होतं? १९६४ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी ९७ पेशंटवर हेच करून पाहिलं, ज्यांना कुठे दुखेल, अंग सैल कसं सोडायचं हे नीट समजावलं त्यांना मॉर्फिनसारखी औषधं जवळपास निम्मीच लागली. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, हे मला शेजारच्या बेडवरच्या आजींनी शिकवलं.