“मावशी, हे ओरिजिनल आहे का?”

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा भाचा जेवायला आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कर्वेनगरला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. जेवणे झाली, त्याची आजी आतल्या खोलीत आडवी झाली, आणि मग त्याने खिशातून निळसर रंगाची, काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. “मावशी, हे ओरिजिनल आहे का, तेवढं बघून देशील? खोलीवरचे म्हणतात फर्स्ट कॉपी आहे.” तो व्हेप होता, म्हणजे बॅटरीवर निकोटिनचे द्रावण तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट. फोनवरच्या कुठल्याशा गटातून अठराशे रुपयांना मागवलेला, आणि एका मुलाने दुचाकीवरून आणून गल्लीच्या तोंडाशी हातात दिलेला.

मी भोसरीतील एका कारखान्यात 22 वर्षे चार्जर आणि बॅटरी-पॅक तपासण्याचे काम केले आहे. त्यामुळे घरात कोणी साधी पॉवर बँक घेतली तरी ती आधी माझ्या टेबलावर येते आणि त्याच सवयीने हा व्हेपही आला. त्याला रागावण्याचा मोह मला झाला, हे मी नाकारत नाही. पण रागावले असते तर ती वस्तू निमूटपणे त्याच्या खिशात परत गेली असती आणि पुढच्या वेळी त्याने मला काहीच दाखवले नसते. म्हणून मी चष्मा लावला आणि खोके हातात घेतले.

खोक्याची छपाई पहिल्या नजरेत चांगली होती. नीट पाहिल्यावर मात्र इशाऱ्याच्या मजकुरातील एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकलेले दिसले, चांदीसारखा चमकणारा पट्टा एका कोपऱ्यात किंचित सरकलेला होता, आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक उपकरणाच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. तोंडात धरायच्या टोकाला साच्याची बारीक धार राहिली होती. चार्जिंगचे छिद्र कवचाच्या छिद्राच्या बरोबर मध्ये बसलेले नव्हते, त्यामुळे केबल थोडी तिरकी जात असे. नकली माल ओळखण्याच्या या सगळ्या खुणा उपयोगी आहेत आणि बहुतेक वेळा त्या खऱ्याही ठरतात.

पण मला सर्वांत बोलकी खूण वाटली ती खोक्याच्या मागे चिकटवलेली पांढरी पट्टी. तिच्यावर रुपयांत एमआरपी होती, ‘आयातदार’ असे लिहून एका कंपनीचे नाव होते आणि आयातीचा महिनाही होता. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या बंद पाकिटावर आयातदाराचे नाव आणि एमआरपी असावी लागते, म्हणून ती पट्टी पाहून गिऱ्हाइकाला धीर येतो. व्हेपच्या बाबतीत मात्र तीच पट्टी खोटेपणाचा पुरावा आहे. भारतात 18 सप्टेंबर 2019 रोजी अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून संसदेच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्काही त्यात येतात. साठवण सोडून बाकीच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; पुन्हा पकडले गेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ज्या वस्तूची आयातच गुन्हा आहे, तिच्यावर आयातदाराचे नाव आणि एमआरपी छापणारा माणूस ग्राहकाशी खोटे बोलत आहे, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

भाच्याने लगेच फोन काढला. “पण मी कोड स्कॅन केला होता. साइटवर जेन्युइन आलं.” मी त्याला त्या संकेतस्थळाचा पत्ता अक्षर-अक्षर वाचायला लावला. मूळ कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि एक जादा शब्द होता. ज्याने खोके छापले त्यानेच ते पानही बनवलेले असावे, आणि त्या पानावर कोणताही क्रमांक घातला तरी ‘जेन्युइन’ असेच उत्तर येत होते; आम्ही माझ्या जुन्या दूरध्वनीचा क्रमांक घालून पाहिला, तोही अस्सल निघाला. समजा संकेतस्थळ खरे असते, तरी खुरचटून काढायच्या कोडवरून फारतर तो क्रमांक कंपनीने कधीतरी छापला होता एवढेच सिद्ध होते. खऱ्या खोक्यावरचा एकच क्रमांक शंभर नकली खोक्यांवर छापता येतो.

मला कधी वायर, स्लीव्ह किंवा एखादा सेल लागला तर मी अजूनही बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाते. तिथला दुकानदार “ही कंपनीची, ही लोकल” असे सरळ सांगतो आणि त्याने सांगितले नाही तरी चार्जर किंवा पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर घालून कोणालाही पडताळता येतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलला ती नोंदणी सक्तीची आहे. व्हेपमध्येही लिथियम सेलच असतो, शिवाय तो तोंडापासून दोन इंचांवर धरला जातो, आणि त्याच्यासाठी असा पडताळता येणारा एकही क्रमांक नाही. बंदी असलेल्या वस्तूला मानक नसते. पुण्यात हातात आलेल्या व्हेपबद्दल “ओरिजिनल की डुप्लिकेट” या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशी कोणतीच यंत्रणा नाही, हे भाच्याला सांगताना माझ्या लक्षात आले की तो प्रथमच अस्वस्थ झाला आहे.

मग मी ते उघडले. वाचणाऱ्यांपैकी कोणीही हे घरी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे; सेलच्या कवचाला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लागले तर आत शॉर्ट होऊन तो हातातच पेट घेऊ शकतो. माझ्याकडे हातमोजे, गॉगल आणि वाळू भरलेला पत्र्याचा डबा होता आणि सेल बराचसा उतरलेला होता.

आत एक सेल, बोटाच्या नखाएवढे सर्किट, ओढ घेतली की हवेच्या दाबाने चालू होणारा एक छोटा सेन्सर आणि द्रावणात भिजलेला कापूस, त्याच्या मधोमध जाळीची कॉइल, एवढाच संसार होता. सेलवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, फक्त ‘650 एमएएच’ असे छापले होते; सेलमध्ये किती वीज मावते त्याचे हे माप. तो नंतर पूर्ण चार्ज करून मी मोजला तेव्हा 410 भरला. नकली मालात हे नेहमीचेच. जुन्या किंवा नापास झालेल्या सेलला नवे प्लास्टिक चढवले जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की सेल गरजेपेक्षा जास्त भरू नये, पार रिकामा होऊ नये आणि शॉर्ट झाल्यास तुटावा यासाठी जे संरक्षक सर्किट असते, ते इथे नव्हतेच. चार्जिंगची एक चिप होती आणि तिचे काम बिघडले तर तिच्यामागे दुसरे कोणीही उभे नव्हते. शिवाय कापसातील द्रावण गळून सेलच्या टोकापर्यंत आले होते आणि जोडणीवर हिरवट गंज धरला होता.

लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे त्याच्यात वीज ढकलत राहिले, किंवा आतील दोन पत्र्यांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा उष्णतेने वितळला, तर एका ठिकाणची उष्णता शेजारच्या थराला पेटवते आणि ही साखळी मग बाहेरून थांबवता येत नाही. धातूच्या अरुंद नळीत कोंडलेला वायू जिकडे कमजोर बाजू असेल तिकडून बाहेर पडतो, आणि अशा वेळी नळीचे एक टोक ओठांत असू शकते. अमेरिकेत 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटाने दोन माणसे दगावल्याची नोंद आहे. मृत्यू क्वचित होतात, हे मी मान्य करते. पण खिशात किल्ल्यांबरोबर ठेवलेल्या, उशाशी रात्रभर मोबाइलच्या जलद चार्जरला लावलेल्या निनावी सेलने मांडी किंवा हात भाजणे हे त्या मानाने फार जवळचे संकट आहे. जळणाऱ्या सेलमधून निघणारा हायड्रोजन फ्लुओराइड वायू त्वचेला आणि फुप्फुसाला दोन्हींना घातक असतो. भाच्याने कबूल केले की चार्ज होताना ते “हाताला चटका लागेल इतकं” तापत असे आणि ते सगळ्यांचेच तापते, असे त्याला वाटत होते. चार्ज होताना चटका बसणे, कवच फुगणे, गोडसर रसायनासारखा वास येणे किंवा बारीक फुसफुस ऐकू येणे, यांपैकी काहीही दिसले तर वस्तू तत्काळ मोकळ्या जागी, जळणाऱ्या सामानापासून दूर न्यावी.

द्रावणाकडे वळताना मी माझ्या माहितीच्या क्षेत्रातून बाहेर पडत होते, म्हणून त्याच्याबरोबर बसून हिशेब केला. खोक्यावर 12 मिलिलिटर द्रावण, प्रति मिलिलिटर 50 मिलिग्रॅम निकोटिन असे लिहिले होते. म्हणजे 600 मिलिग्रॅम. एका साध्या सिगारेटच्या तंबाखूत साधारण 10 ते 12 मिलिग्रॅम निकोटिन असते आणि त्यातले एक-दोन मिलिग्रॅमच ओढणाऱ्याच्या रक्तात जाते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही आणि निकोटिन प्रति मिलिलिटर 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा मानला तरी ते उपकरण तिकडच्या दुकानात बेकायदा ठरले असते, आणि खोटा मानला तर आत किती आहे हे कोणालाच माहीत नाही. मळमळ, दरदरून घाम, छातीत धडधड, डोके गरगरणे ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणे भाचा “जागरणामुळे” म्हणून सोडून देत होता. ज्या घरात लहान मूल आहे तिथे तर हे फळाच्या वासाचे द्रावण उघडे ठेवणे म्हणजे विषाची बाटली उघडी ठेवणे आहे.

कॉइलच्या जोडणीवरचा सोल्डरचा डाग कथिल-शिशाचा आहे की बिनशिशाचा, हे मला डोळ्यांनी सांगता आले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2025 मध्ये तिकडे खपणारी, वापरून फेकून द्यायची व्हेप-उपकरणे तपासली तेव्हा काहींच्या आत शिसेयुक्त कांस्याचे भाग द्रावणाला लागून बसवलेले सापडले आणि त्यांतून शिसे वाफेत उतरत होते. ती उपकरणे कोणाची फर्स्ट कॉपी नव्हती, प्रसिद्ध नावांची होती. शिसे जिभेला कळत नाही. कापूस कोरडा पडून कॉइल तापली तर निदान करपट चव येते आणि फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होत असल्याची सूचना मिळते. शिशाची तशी सूचना मिळत नाही.

2019 साली अमेरिकेत व्हेपमुळे आलेल्या फुप्फुसाच्या आजाराच्या साथीबद्दल भाच्याला काहीच ठाऊक नव्हते, याचे मला आश्चर्य वाटले. तेव्हा तो शाळेत होता. तरुण मुले धाप, खोकला आणि ताप घेऊन रुग्णालयात येऊ लागली आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची आणि 68 मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील बहुतेकांनी गांजातील टीएचसी हे नशेचे द्रव्य असलेली, अनौपचारिक मार्गाने आलेली काडतुसे, म्हणजे व्हेपमध्ये बसवायच्या भरलेल्या नळ्या, वापरली होती. ‘डँक व्हेप्स’ हे नाव त्यांत वारंवार आले, आणि त्या नावाची खरी कंपनीच नव्हती. सुंदर छापलेली रिकामी वेष्टने ऑनलाइन विकत मिळत आणि जो तो त्यांत वाटेल ते भरे. 51 रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला तेव्हा 48 जणांच्या द्रवात व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडले. हे द्रव्य त्वचेच्या मलमांत आणि पोटात घ्यायच्या गोळ्यांत चालते. दाट तेल स्वस्तात वाढवण्यासाठी कोणीतरी ते काडतुसांत मिसळले होते. जे पोटाला चालते ते फुप्फुसाला चालेलच असे नाही, एवढे साधे शरीरशास्त्र त्या भेसळ करणाऱ्यांनी पाहिले नाही.

इंग्लंडमधील प्रसंग मला आई-वडिलांसाठी अधिक महत्त्वाचा वाटतो. बाथ विद्यापीठाने 2024 मध्ये 38 शाळांतून जप्त केलेले सुमारे 600 व्हेप तपासले आणि साधारण सहांपैकी एकात ‘स्पाइस’ म्हणून ओळखला जाणारा कृत्रिम अमली पदार्थ निघाला. मुलांच्या मते त्यांत निकोटिन किंवा गांजा होता. ज्या मुलाने गल्लीच्या तोंडाशी खोके आणून दिले, त्यालाही आत काय आहे हे माहीत असण्याचे कारण नाही.

“मग दुबईहून आणलेलं तरी बरं का?” भाच्याने विचारले. मी म्हटले, “तिथल्या दुकानातून तू स्वतः आणलंस तरी ते इथे आणणं ही आयातच झाली, आणि कोणीतरी आणलंय म्हणून सांगत असेल, तर ते तुला फक्त तोच सांगतोय.” तो गप्प बसला. मग म्हणाला की सोडायचा दोनदा प्रयत्न केला, पण तिसऱ्या दिवशी डोके दुखायला लागते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. माझी आजी आयुष्यभर मिश्री लावत असे आणि एकादशीला ती सोडायची म्हटली की दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांवर चिडत असे. ते आम्ही तिच्या स्वभावावर ढकलत होतो. ते निकोटिन होते, हे मला फार उशिरा कळले. म्हणून मी त्याला निश्चयाबद्दल काही सुनावले नाही. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्याच्या फोनमध्ये लिहून दिला आणि मंगळवारी आमच्या डॉक्टरांकडे त्याच्यासोबत गेले. निकोटिनचे च्युइंगम 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये औषध म्हणून मिळते, किती घ्यायचे आणि कसे कमी करायचे ते डॉक्टर ठरवतात. त्याच्या पाकिटावर परवाना क्रमांक असतो आणि आत काय आहे ते छापल्याप्रमाणे असते.

उघडलेले तुकडे टेबलावर होते. आमच्या सोसायटीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई रोज सकाळी कचरा घ्यायला येतात आणि तो हातांनी वेगळा करतात. अशा वस्तू सुक्या कचऱ्यात गेल्या तर गाडीच्या दाबयंत्रात किंवा त्यांच्या हातात पेटण्याची भीती असते, आणि द्रावण तर त्वचेतूनही शोषले जाते. म्हणून मी सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, भिजलेला कापूस घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद केला आणि दोन्ही एका पाकिटात घालून ई-कचरा घेणाऱ्यांकडे देण्यासाठी बाजूला काढले. पाकिटावर भाच्याने जाड पेनाने लिहिले: “आत लिथियम सेल आणि निकोटिन आहे. फोडू नये, उघडू नये.”