दोन कोपरांचा फर्स्ट क्लास

"फर्स्ट क्लास म्हणजे त्यात आडवं व्हायला मिळतं ना रे?" आत्यानं विचारलं आणि तिकिटं काढून झाल्यावर चार दिवसांनी मला पहिल्यांदाच आपण हिला फसवतोय की काय असं वाटलं.

चूक तिची नव्हती. मुंबईहून आखातात विमान बदलून ती शिकागोला आली, तेव्हा इकॉनॉमीतल्या आपल्या खुर्चीकडे जाताना वाटेत बिझनेस क्लास लागला होता. उलगडून पलंग होणाऱ्या खुर्च्या, दुलया, कापडी रुमालात गुंडाळलेले काटे-चमचे. बिझनेस जर असा, तर फर्स्ट म्हणजे राजवाडाच, हा तिचा सरळ हिशेब. अमेरिकेतल्या अमेरिकेत उडणाऱ्या विमानांत हा हिशेब लागत नाही, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

2024चा जून महिना. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघाचं, अधिवेशन होतं आणि त्यात आमच्या शिकागोच्या मंडळाचं लेझीम. आत्याचा उजवा गुडघा बदललेला, सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत साडेचार तास बसायचं, म्हणून फर्स्ट क्लास. हे झालं सांगायचं कारण. आतलं कारण सामानाचं. पुढच्या वर्गाच्या तिकिटावर माणशी दोन बॅगा फुकट, आणि त्याही प्रत्येकी 70 पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ 32 किलोच्या. मागे बसलात तर पहिल्याच बॅगेला तेव्हा 35-40 डॉलर, दुसरीला त्याहून जास्त, आणि वजनाची हद्द 50 पौंड. हे गणित आमच्या मंडळाच्या खजिनदारांनी माझ्याआधी सोडवलं होतं. "तुम्ही पुढे बसताय असं कळलं," ते फोनवर मोघमपणे म्हणाले, "मग चार बॅगा होत असतील, नाही?" लेझीम, झांजा, फेटे, नऊवाऱ्या असं सगळं आमच्या नावावर जाणार, हे त्या 'नाही?'मधूनच कळलं.

शेवटी जेवणाच्या टेबलावर मी आत्याला खरं काय ते सांगितलं. पलंग नाही. खोली नाही. पुढच्या चार-पाच रांगा, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीनऐवजी दोन-दोन खुर्च्या. मागे एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत 30-31 इंच असतात, इथे 37-38. रुंदीला मागे 17-18 इंच, इथे 20-21. पाठ थोडी मागे कलते. जेवण मिळतं, पण प्रवास साधारण 900 मैलांच्या वर असला तर. नाहीतर खाऊची टोपली फिरवतात. विमान तेच, वेळ तीच, उशीर झाला तर तोही तोच.

ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अरे, मग हा आपला लोकलचा फर्स्ट क्लास झाला."

तीस वर्षं तिनं डोंबिवली ते व्हीटी केलंय. त्यातली शेवटची आठ वर्षं फर्स्टचा पास. "गाडी तीच, घाम तोच," ती म्हणाली, "फक्त बुडाखाली गादी. आणि धक्का दिल्यावर लोक इंग्रजीतून सॉरी म्हणतात. पण तेवढ्यासाठी मी पैसे भरत होतेच की."

मी इतकी वर्षं या विमानांतून फिरतोय, मला हे इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं.

नावाचाच घोळ आहे सगळा. देशातल्या देशात या खुर्चीला फर्स्ट म्हणतात, आणि काही कंपन्यांचं तेच विमान उद्या मेक्सिकोला निघालं की तीच खुर्ची बिझनेस होते. सरहद्द ओलांडताना तिची पदावनती होते, खुर्चीला पत्ताही नसतो. शिवाय खुर्चीजवळ जागा जरा जास्त दिली की तिलाही नाव लागतं. डेल्टाचं तेव्हाचं 'कम्फर्ट प्लस', युनायटेडचं 'इकॉनॉमी प्लस'. ऐकायला भारदस्त, पण बसल्यावर खुर्ची तीच, रुंदी तीच, गुडघ्यांपुढे तीन-चार इंच जास्त. हा प्रीमियम क्लास आहे असं समजून कोणी गेलं तर तो दोष 'प्लस' या शब्दाचा. लहान विमानांत, म्हणजे 76 जागांच्या एम्ब्रेअरसारख्या, पुढे बारा खुर्च्या असतात, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. ती एकटी खुर्ची मला राजवाड्याहून प्रिय आहे. फक्त त्या बाजूच्या डोक्यावरच्या कप्प्यात चाकांची बॅग मावत नाही.

आडवं व्हायला मिळतं, नाही असं नाही. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्को या वाटेवर मिळतं. तिथे सिनेमावाले, वकील आणि शेअर बाजारवाले रात्रीचे उडतात आणि सकाळी मीटिंगला बसतात. 2014मध्ये जेटब्लूनं या वाटेवर 'मिंट' आणलं. एका विमानात सोळा पलंग, त्यातल्या चारांना चक्क दार. स्वस्त तिकिटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं हे केल्यावर मोठ्यांना आपले भाव बघावे लागले. हवाईला जाणाऱ्या काही विमानांतही पलंग असतात. आणि कधीकधी शिकागो किंवा डेन्व्हरहून एखादं समुद्रापार जाणारं मोठं विमान नुसतं एका विमानतळावरून दुसऱ्यावर हलवायचं म्हणून देशात उडवतात. तेव्हा साध्या फर्स्टच्या पैशांत पलंग पदरात पडतो. तिकीट काढताना खुर्च्यांचा नकाशा बघावा. अमेरिकेत राहून मी जी थोडी व्यवहारी अक्कल कमावली, तिच्यातला हा मोठा हिस्सा.

विमानतळावर पहिला धक्का लाउंजपाशी बसला. काचेचं दार, आत मंद दिवे, कॉफीचा वास. आत्यानं पाय तिकडे वळवला. देशांतर्गत फर्स्टच्या नुसत्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी लाउंजमध्ये घेत नाहीत, हे मी तिला अर्ध्या वाटेत सांगितलं. तेवढ्यात आमच्याच मंडळातलं एक जोडपं, ज्यांचं तिकीट मागचं होतं, क्रेडिट कार्ड दाखवून आत गेलं. "म्हणजे तिकीटवाले बाहेर आणि कार्डवाले आत," आत्या म्हणाली आणि गेटवरच्या खुर्चीत बसून तिनं डब्यातला मेथीचा ठेपला काढला.

गेटच्या पडद्यावर एक यादी झळकत होती. नेहमी उडणाऱ्यांना पुढची खुर्ची रिकामी असली तर फुकट द्यायची, असा जुना रिवाज आहे, आणि वाट बघणाऱ्यांची ही यादी. खासगीपणा जपायचा म्हणून आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक. हा नियम करणाऱ्यांनी मराठी आडनावं पाहिलेली नाहीत. त्या दिवशी यादीत तीनदा 'डी-ई-एस' होतं. देशपांडे, देशमुख आणि देसाई पडद्याखाली माना वर करून उभे, प्रत्येकाला आपणच तिसऱ्या नंबरवर आहोत अशी खात्री. देशपांड्यांच्या नावाचं अक्षर 'एस', देशमुखांचंही 'एस'. दोघांनी एकमेकांचं हसून अभिनंदन केलं, अगदी सावधपणे. शेवटी कोणालाच मिळालं नाही. पूर्वी पुढच्या बऱ्याच खुर्च्या अशा फुकटच भरायच्या. आता कंपन्या त्या विकायला शिकल्यात. चेक-इन करताना फोनच विचारतो, अमुक डॉलर द्या आणि पुढे या.

पुढच्या वर्गाला आधी आत सोडतात. हा मान आहे असं मला वाटायचं. आता वाटतं, ही सोय कंपनीनं पुढच्यांसाठी केलेली नाही, मागच्यांना दाखवण्यासाठी केलेली आहे. आपण बसलेले असतो, हातात प्लास्टिकच्या पेल्यात पाणी किंवा संत्र्याचा रस, आणि सगळं विमान आपल्याला ओलांडून जातं. एरवी अनोळखी माणसं असतात, खाली बघितलं की निभतं. त्या दिवशी सगळं मंडळ होतं.

"अरे वा, पुढे का!"

"मजा आहे बुवा."

"बसा, बसा. आम्ही आपले जातो मागे."

या शेवटच्या वाक्याला आपल्याकडे उत्तर नाही. मराठी माणसाला पैसे खर्च करायला फार अडचण येत नाही, खर्च करताना कोणी बघितलं की येते. मी फोनमध्ये तोंड घातलं. आत्या मात्र खंबीर. येणाऱ्या प्रत्येकाला ती साडीचा काठ वीतभर वर करून गुडघ्यावरची शिवण दाखवत होती. "पाय दुमडत नाही ना, म्हणून. नाहीतर कशाला?" विसावी शिवण बघून झाली तेव्हा वाट तुंबली होती आणि कर्मचारी बाईंनी गोड आवाजात सगळ्यांना पुढे सरकायला सांगितलं.

त्या बाई साठीच्या असाव्यात. आत्यानं मला कोपर मारलं. "ही हवाईसुंदरी माझ्या वयाची आहे!" कौतुकानं म्हणाली, टिंगलीनं नाही. इथे या नोकरीला निवृत्तीचं वय नाही. बेट नॅश नावाच्या बाईंनी 1957मध्ये हे काम सुरू केलं होतं. बॉस्टन-वॉशिंग्टनच्या फेऱ्यांवर त्यांनी जन्म काढला आणि 2024च्या मे महिन्यात 88व्या वर्षी त्या गेल्या, तोवर कागदोपत्री नोकरीतच होत्या. मी हे सांगितल्यावर आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. ती बँकेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडली, आणि ते तिला अजून पटलेलं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

जेवण आलं. शाकाहारी मी आधीच फोनवरून निवडून ठेवलं होतं. हे न करणाऱ्याच्या वाट्याला शेवटच्या रांगेत जे उरेल ते येतं. चीज भरलेले रॅव्हिओली, बाजूला पाव, वाटीभर सॅलड. "उकडलेली करंजी," आत्या म्हणाली, "गोडही नाही आणि तिखटही नाही." पर्समधून लसणीच्या चटणीची पुडी निघाली आणि साऱ्या फर्स्ट क्लासला तिचा पत्ता लागला. मी सॅलडमध्ये ऑलिव्ह शोधत होतो. 1980च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी फर्स्ट क्लासच्या सॅलडमधलं एकेक ऑलिव्ह कमी करून वर्षाला 40,000 डॉलर वाचवले, असं सांगतात. त्याआधीचा काळ वेगळा होता. 1978पर्यंत देशातली भाडी सरकार ठरवायचं. भाव पाडून गिऱ्हाईक ओढता येत नव्हतं, मग कंपन्या ताटावरून आणि थाटावरून भांडायच्या. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकननं आपल्या जंबो विमानांत, तेही मागच्या वर्गाच्या बैठकीत, पियानो ठेवला होता. भाडी मोकळी झाली, तिकिटं स्वस्त झाली, माझ्यासारखे लाखो लोक उडायला लागले आणि पियानो गेला. पियानोबद्दल मला हळहळ वाटते, पण तो असता तर मी विमानात नसतो.

दोन तासांनी आत्याला बाथरूमला जायचं होतं. पुढच्यांसाठी ते अगदी जवळ, चार पावलांवर. ती उठली आणि नेमकं तेव्हाच कर्मचारी बाईंनी खाण्याची गाडी आडवी लावून वाट अडवली. वैमानिक बाहेर येणार असला की असंच करतात. 2001च्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर कॉकपिटचं दार उघडं असताना कोणी पुढे जाऊ नये म्हणून. आत्या गाडीच्या अलीकडे उभी, पलीकडे साठीच्या बाई हात मागे बांधून पहारा देत. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "पायलटलाही लागते, एवढं कळलं," परत येऊन बसताना ती म्हणाली.

मग तिनं चपला काढल्या, उजवा पाय समोर लांब केला आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवले. आमच्या दोघांच्या मध्ये हात ठेवायला वीतभर रुंदीची फळी होती, तिच्यावर पेले ठेवूनही जागा उरत होती. मागे तीन माणसांत चार हात ठेवायच्या जागा असतात आणि मधल्याचं सगळं आयुष्य अंग चोरण्यात जातं. आत्यानं आपली कोपरं एकदा आत घेतली, पुन्हा बाहेर पसरली. लोकलमध्ये तीस वर्षं तिनं पर्स छातीशी धरून कोपरं पोटाशी ठेवली असणार. पाच मिनिटांत ती घोरायला लागली, आणि नेवाडाचं सगळं वाळवंट खालून निघून गेलं तरी उठली नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला आम्ही सगळ्यांत आधी उतरलो. पुढच्या वर्गाचा हा शेवटचा मान. मोठ्या दिमाखात, व्हीलचेअर न मागता, बॅगांच्या पट्ट्यापाशी पोचलो, तेव्हा पट्टा थांबलेला होता. दहा मिनिटांनी देशपांडे आले. मग देसाई. मग सगळं मंडळ. पट्टा सुरू झाला. सगळ्यांच्या बॅगा आल्या. आमच्या चार, 'प्रायॉरिटी' अशी तांबडी पट्टी बांधलेल्या, सगळ्यांत शेवटी. पहिली उचलताना देशमुखांची कंबर करकरली. आतून लेझमीचा खुळखुळाट झाला आणि आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

खजिनदार घाम पुसत माझ्याजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "परत जातानाही तुमचं फर्स्टच आहे ना? नाही, इथल्या मंडळानं एक ढोल देऊ केलाय."